माटोळीतलं कवंडळ आणि लाळेची नळी: घरात विस्मरण शिरलं तर जेनेटिक टेस्टपर्यंत कसं जायचं

दोन वर्षांपूर्वीच्या चवथीला (गणेश चतुर्थीला) सासऱ्यांनी कवंडळ हे रानफळ हातात धरलं आणि मला विचारलं, "हें कितें गो?" डिचोलीच्या बाजारातून पन्नास वर्षं माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधून टांगतात त्या चौकटीचं, सामान आणलेला हा माणूस. कांगलां, घागऱ्या, माट्टी, आंबाडे, तोरिंग, प्रत्येक फळ कुठल्या डोंगरावर मिळतं हे सांगणारा. मी नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारलं.

त्याच आठवड्यात बंगळूरच्या पुतण्याने फोनवर जाहीर केलं की त्याने ऑनलाइन किट मागवली आहेत. सगळ्यांनी नळीत थुंकायचं, मग 'अल्झायमरचं जीन' कोणाकोणात आहे ते कळेल. घरात दोन तट पडले. किट आली आणि कपाटात गेली. पुढच्या दीड वर्षात आम्ही बऱ्याच गोष्टी केल्या, पण त्यांतल्या अर्ध्या चुकीच्या क्रमाने. म्हणून हा लेख मुख्यतः क्रमाबद्दल आहे. जेनेटिक टेस्टचं मला वावडं नाही. पण ती या जिन्याची वरची पायरी आहे, आणि बहुतेक घरांना तिथवर चढावंच लागत नाही.

आधी एक वही

'साठी बुद्धी नाठी' म्हणत आपण वर्षभर सहज घालवतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं (रोजचे व्यवहार अडावेत इतकी स्मृती-बुद्धी घसरण्याचं; अल्झायमर हा त्यातलाच एक आजार) प्रमाण सुमारे ७.४ टक्के आहे, म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. याचा दुसरा अर्थ असा की साठीपुढच्या शंभरातल्या सुमारे त्र्याण्णव जणांना तो नसतो. म्हणून तारीख घालून लिहून ठेवा. डॉक्टरांसमोर 'हल्ली विसरतात' एवढंच सांगितलं तर त्यातून त्यांच्या हाती काही लागत नाही.

काय लिहायचं? जत्रेची तारीख विसरणं, भाच्याचं नाव जिभेवर अडकणं, हे लिहू नका. ते माझंही होतं. पोदेराला (पाववाल्याला) एकाच सकाळी दोनदा पैसे दिले, रोजच्या देवळातून घरी येताना वाट चुकली, चाळीस वर्षं हुमण (माशाची आमटी) करणाऱ्या बाईला आधी काय घालायचं ते सुचेना, बँकेच्या स्लिपवरची सही बदलली, हे लिहा. आधी येत होतं आणि आता येत नाही, हा निकष.

आठवणीपलीकडचंही लिहा. स्वभाव पालटला का, लाजबुजऱ्या माणसाने चारचौघांत अचकट बोलायला सुरुवात केली का, नसलेली माणसं दिसतात का, झोपेत हातपाय झाडत कोणाशी तरी मारामारी केल्यासारखं होतं का, वास येईनासा झाला का. शेवटची दोन लक्षणं पार्किन्सन्सच्या गटातल्या आजारांत कंपाच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात, आणि ती कोणी विचारत नाही म्हणून कोणी सांगतही नाही.

एक अपवाद. दोन-चार दिवसांत अचानक गोंधळ उडाला, तर वही बाजूला ठेवा आणि इस्पितळ गाठा. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, पडल्यावर मेंदूभोवती हळूहळू साचलेलं रक्त, पक्षाघाताचा झटका, यांपैकी काहीही असू शकतं.

मग रक्त, कान आणि गोळ्यांची पिशवी

हीच पायरी आम्ही चुकवली. एका खासगी दवाखान्यात "वयाप्रमाणे आहे" म्हणून आम्हाला परत पाठवलं होतं, आणि आम्हीही सुटकेचा श्वास टाकून परतलो. सहा महिने गेले. नंतर कळलं की बाबांचं, म्हणजे सासऱ्यांचं, बी-१२ तळाला गेलं होतं. मधुमेहासाठी ते बारा वर्षं मेटफॉर्मिन घेत होते. ही गोळी दीर्घकाळ घेतली की बी-१२ कमी होऊ शकतं, हे जुनं ज्ञान आहे. त्यासाठी कुठलंही नवं संशोधन लागत नाही.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरकडे जाताना या तपासण्यांबद्दल विचारा: हिमोग्लोबिनसह रक्ताची साधी तपासणी, बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, मूत्रपिंड आणि यकृत. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. झोपेच्या, सर्दी-ॲलर्जीच्या, लघवी आवरण्याच्या, शेजाऱ्याने सुचवलेल्यासुद्धा. ॲलर्जीच्या जुन्या गोळ्या आणि झोपेच्या काही गोळ्या म्हाताऱ्या मेंदूवर धुकं पसरवतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरतं. दारूचं खरं प्रमाण सांगा. 'जेवणाआधी थोडी' या गोव्यातल्या मापात किती पेग बसतात हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, आणि वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं बी-१ जीवनसत्त्व संपलं तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होतं.

उदासी तपासून घ्या. जोडीदार गेला, मुलं पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला गेली, घर रिकामं झालं, अशा माणसाचं 'विसरणं' पुष्कळदा नैराश्य असतं आणि ते उपचारांनी सुटतं.

आणि कान. ऐकूच न आलेली गोष्ट आठवणार कशी? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत तीन वर्षं श्रवणयंत्रं देऊन पाहिलं. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक दिसला नाही, पण ज्यांना ऱ्हासाचा धोका मुळातच जास्त होता त्यांच्यात घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. आधी निदान कानातला मळ तरी काढून घ्या.

इंजेक्शनं सुरू झाल्यावर बाबा तीन-चार महिने खरंच तरतरीत झाले. मग पुन्हा घसरले. बी-१२ खरंच कमी होतं आणि आजारही खराच होता. दोन्ही एकत्र असू शकतात हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

निदान कुठे आणि कसं

गोव्यात सरकारी वाट बांबोळीला जाते. गोमेकॉचा, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचा, न्यूरॉलॉजी (मेंदूविकार) विभाग तिथे, आणि मनोविकार व मानवी वर्तन संस्था, म्हणजे आपण ज्याला आयपीएचबी म्हणतो, तेही तिथेच. म्हापशाच्या किंवा मडगावच्या जिल्हा इस्पितळातून चिठ्ठी घेऊन गेलात तर सोपं जातं. आयपीएचबीचं नाव काढलं की घरातली म्हातारी मंडळी बिथरतात. आमच्याकडे 'कानाच्या दोतोराकडे जातोय' असं खोटं सांगून नेलं. ते मला आजही आवडलेलं नाही, पण नेलं.

तिथे प्रश्नोत्तरांची चाचणी होईल. यात एक खाच आहे. घड्याळाचं चित्र काढा, शंभरातून सात वजा करत जा, असले प्रश्न शाळा शिकलेल्यांसाठी घडवलेले आहेत. कमी शिकलेल्या आजीला त्यात कमी गुण मिळाले तर तो आजार नव्हे. हरियाणातल्या बल्लभगढ इथल्या अभ्यासासाठी अशिक्षितांना चालेल अशी वेगळी हिंदी चाचणी बनवावी लागली ती याच कारणाने. म्हणून शिक्षण किती, घरी कोकणी की मराठी, हे आपणहून सांगा, आणि चाचणी त्यांच्या रोजच्या भाषेत घ्यायला सांगा. बाबा वर्तमानपत्र मराठी वाचतात पण आकडे कोकणीत मोजतात. मोजणीची भाषा बदलल्यावर त्यांचे गुण वाढले.

यानंतर बहुधा एमआरआय. आणि हल्ली ज्याची चर्चा आहे ती रक्तचाचणी, पी-टाऊ २१७. अल्झायमरमध्ये मेंदूत अमिलॉइड नावाचं प्रथिन साचतं आणि टाऊ प्रथिनाच्या गुंतवळी होतात. त्याचा माग रक्तात लागू लागला आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा पहिल्या रक्तचाचणीला मान्यता दिली. ती ५५ वर्षांपुढच्या आणि लक्षणं असलेल्या माणसांसाठी आहे, तीही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. धडधाकट माणसाने हौसेने करून घ्यायची ती चाचणी नाही. खासगी लॅबने वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये ती घुसडली असेल तर वगळायला सांगा.

वंशवृक्ष, पण देवळासाठी नव्हे

आपल्याकडे देवळाच्या महाजनकीचा (मानकऱ्यांच्या हक्काचा) वाद निघाला की सात पिढ्यांची नावं धडाधड बाहेर येतात. कुळ, वांगड, कोण कुठून दत्तक आला, सगळं. पण पणजोबा कशाने गेले विचारलं तर 'म्हातारपणाने'.

एक मोठा कागद घ्या. तीन पिढ्या मांडा, आईकडच्या आणि वडिलांकडच्या वेगवेगळ्या. प्रत्येकापुढे आजारापेक्षा महत्त्वाची एक गोष्ट लिहा: लक्षणं सुरू झाली तेव्हाचं वय. 'वेड लागलं होतं', 'अंगात यायचं', 'हातपाय नाचायचे', 'शेवटी गिळता येईना', असं जे कोणी सांगेल ते तसंच उतरवा. निदान डॉक्टर करतील. आमची बरीच माहिती सावईवेऱ्याच्या ब्याऐंशी वर्षांच्या आत्येकडून आली, बाल्कांवावर (घराच्या ओसरीवर) दोन संध्याकाळी बसून.

आता कागद वाचा. आजोबांना ७८ व्या वर्षी आणि मामीला ८१ व्या वर्षी विस्मरण झालं असेल तर त्यात घराण्याचा शाप शोधू नका. एवढ्या वयात हा आजार कोणत्याही घरात येतो. मामी तर रक्ताची नातलगही नव्हे. पण दोन-तीन पिढ्यांत, साधारण साठीच्या आत, एकामागोमाग एक माणसं याच वाटेने गेली असतील, किंवा अंग नाचणं आणि स्वभाव बिघडणं एकत्र दिसत असेल, किंवा एका भावाला स्वभाव पालटणारा डिमेन्शिया आणि दुसऱ्याला स्नायू वाळवणारा एएलएस असेल, तर पुढचा भाग नीट वाचा. बाकीच्यांनी वाचला नाही तरी चालेल.

जीन काय सांगतं आणि काय नाही

दोन प्रकारची जीन्स आहेत आणि सगळा घोळ ती एकत्र केल्याने होतो.

पहिला प्रकार विरळा पण जोरकस. एपीपी, पीएसईएन-१ आणि पीएसईएन-२ या तीन जीन्समधल्या बदलांमुळे लवकर सुरू होणारा अल्झायमर होतो. एकूण रुग्णांत यांचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे, पण आई किंवा वडिलांत असा बदल असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. अंग नाचणं आणि स्वभाव बिघडणं एकत्र दिसतं त्या हंटिंग्टन आजाराचं तसंच. त्याचं जीन १९९३ मध्ये सापडलं. त्यात सीएजी हा तीन अक्षरांचा तुकडा पुन:पुन्हा येतो. तो ४० किंवा जास्त वेळा आला तर, माणूस पुरेसा जगला, की आजार होतोच. ३६ ते ३९ मध्ये होईल किंवा होणार नाही. २०११ मध्ये सापडलेलं सी-९-ओआरएफ-७२ हे जीन डिमेन्शिया आणि एएलएस यांना जोडणारं.

दुसरा प्रकार सर्रास आढळतो पण ढिला असतो. एपीओई हे त्यातलं मुख्य. त्याची २, ३, ४ अशी तीन रूपं. आई-वडिलांकडून एकेक मिळतं. ४ नंबरची एक प्रत असेल तर अल्झायमरचा धोका साधारण दोन-तीन पट, दोन असतील तर आठ ते बारा पट. हे आकडे मुख्यतः युरोपीय वंशाच्या माणसांवरून आलेले आहेत. बल्लभगढच्या अभ्यासात एपीओई-४ चं प्रमाणच तुलनेच्या अमेरिकी गावांपेक्षा कमी निघालं. शिवाय ४ असूनही नव्वदीपर्यंत खणखणीत राहिलेली माणसं आहेत, आणि ४ नसूनही अल्झायमर झालेली तर खूपच. पुतण्याच्या किटमधून कळणार होतं ते एवढंच: आजार होण्याची शक्यता कमी की जास्त.

पहिल्या प्रकारातही अपवाद निघतो. कोलंबियातल्या एका मोठ्या घराण्यात पीएसईएन-१ च्या बदलामुळे माणसं चाळिशीत विसरायला लागतात. त्यातल्या एका बाईंना सत्तरीपर्यंत काही झालं नाही. त्यांच्यात एपीओईचं एक दुर्मिळ रूप दोन्ही प्रतींत होतं, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. औषधं शोधणारे तेव्हापासून त्या रूपामागे आहेत.

आणि जेम्स वॉटसन. डीएनएची रचना उलगडणाऱ्या दोघांपैकी एक. २००७ मध्ये त्यांचा पूर्ण जीनोम वाचला गेला तेव्हा त्यांनी अट घातली की एपीओईचा भाग मलाही सांगू नका आणि छापूही नका. त्यांच्या आजीला अल्झायमर होता.

नळीत थुंकण्याआधी

घराण्याचा कागद खरंच काळजी वाटावी असा असेल, तर जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे टेस्टचा अर्थ आणि परिणाम समजावणारा सल्लागार, गाठा. गोमेकॉच्या न्यूरॉलॉजी विभागात आधी विचारा. न्यूरॉलॉजीच्या अनुवंशिक आजारांसाठी बंगळूरच्या निम्हान्सचा (मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेचा) अनुभव मोठा आहे आणि पणजीहून रात्रीची बस आहे.

पहिला नियम: आजारी माणसाची टेस्ट आधी. बाबांमध्ये बदल सापडला तरच मुलांमध्ये तोच शोधण्याला अर्थ. धडधाकट मुलाची टेस्ट आधी केली आणि काही सापडलं नाही, तर त्याला बदल मिळाला नाही की बाबांचा आजार भलत्याच कारणाने आहे, हे कळायला मार्ग नसतो.

दुसरं: कुठली टेस्ट ते विचारा. हंटिंग्टन आणि सी-९ मध्ये एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो. तो नेहमीच्या 'एक्झोम' तपासणीत, म्हणजे जीन्सचे प्रथिनं घडवणारे भाग वाचणाऱ्या तपासणीत, निसटतो. त्यासाठी वेगळी चाचणी मागावी लागते. 'एक्झोम नॉर्मल आहे' हे वाक्य ऐकून निश्चिंत झालेली घरं मला माहीत आहेत.

तिसरं: रिपोर्टमध्ये 'अर्थ न लागलेला बदल' असा शेरा येऊ शकतो, आणि भारतीयांच्या बाबतीत तो जास्त येतो, कारण तुलनेसाठीचा साठा मुख्यतः परदेशी लोकांचा आहे. अशा बदलावरून कसलाही निर्णय घ्यायचा नसतो. लग्न तर मोडायचं नसतंच.

अठरा वर्षांखालच्या मुलांची, मोठेपणी होणाऱ्या आजारासाठी, टेस्ट करत नाहीत. आजी-आजोबांकडून आलेल्या आजारासाठी नातवाने टेस्ट केली आणि ती पॉझिटिव्ह आली, तर मधल्या आई किंवा बापाचा निकाल न विचारता लागतो. म्हणून त्या मधल्या माणसाशी आधी बोला. भावंडांशीही बोला. कोणाला कळून घ्यायचं नसेल तर त्यांच्यापासून निकाल लपवायची तयारी ठेवा, आणि गणपतीत सगळे एका घरात असताना ते किती जमेल याचा विचार करा.

विमा. जेनेटिक निकालावरून भेदभाव करायला मनाई करणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात नाही. आरोग्याचा आणि आयुर्विम्याचा विषय टेस्टच्या आधी मिटवा. प्रस्तावात खोटं मात्र लिहू नका. ऑनलाइन किटच्या बाबतीत डेटा कुठे राहतो ते वाचा. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री-अँड-मी या सगळ्यात गाजलेल्या कंपनीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा दीड कोटी लोकांच्या जनुकीय माहितीचं आता काय, हा प्रश्न कोर्टात गेला.

टेस्ट केल्याने माणूस कोसळतो का? अल्झायमरच्या रुग्णांच्या १६२ मुलांना एपीओईचा निकाल सांगून पाहिलं तेव्हा, २००९ च्या अहवालानुसार, वर्षभरात चिंता किंवा नैराश्य फारसं वाढलं नाही. पण त्यांना काउन्सेलरने समोर बसवून सांगितलं होतं. रात्री अकराला ईमेलने निकाल येणं वेगळं.

पुतण्याला मी एकच प्रश्न लिहायला दिला होता: निकाल वाईट आला तर सोमवारी सकाळपासून तू काय वेगळं करशील? त्याने लिहिलं, 'व्यायाम, सिगारेट बंद.' मी म्हटलं, ते आज कर की. मग तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मुलं होऊ द्यायची की नाही, नोकरीतून कधी बाहेर पडायचं, असे प्रश्न अडलेले असतील तर मात्र कळून घेण्यात अर्थ आहे.

टेस्टचं अगदी व्यवहारी कारण आणखी एक आहे. लेकानेमॅब हे अमिलॉइड साफ करणारं औषध १,७९५ जणांवरच्या चाचणीत, अठरा महिन्यांत, घसरण २७ टक्क्यांनी मंद करू शकलं. थांबवू नाही शकलं. ते सुरुवातीच्या टप्प्यातच चालतं, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा तिथे रक्तस्राव होण्याचा धोका एपीओई-४ च्या दोन प्रती असलेल्यांना सगळ्यात जास्त. म्हणून असं औषध सुरू करण्याआधी एपीओई तपासतात.

कागदपत्रं, शुद्ध असेपर्यंत

हे निदानाच्या महिन्यातच करा. मुखत्यारपत्र आधीच करून ठेवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. भारतीय करार कायद्याप्रमाणे देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपतं. मग कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो. त्यात आपल्या गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक. एकाची सही देण्याची क्षमता गेली की दुसऱ्यालाही घर किंवा भाट (बागायत) विकता येत नाही. मृत्युपत्राचेही नियम इथे वेगळे आहेत, वारसांचा राखीव हिस्सा सोडूनच देता येतं. म्हणून मुंबईच्या नातेवाइकाचा सल्ला ऐकू नका, इथल्या वकिलाकडे जा. उपचारांबाबत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली आपला प्रतिनिधी नेमता येतो आणि आगाऊ सूचना लिहून ठेवता येते.

दरम्यान घरी

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने डिमेन्शियाला हातभार लावणारी बदलता येण्याजोगी चौदा कारणं मोजली. ती सगळी हाताळली तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टाळता किंवा लांबवता येतील असा त्यांचा हिशेब. रक्तदाब, साखर, वाईट कोलेस्टेरॉल, ऐकणं, दिसणं, डोक्याला मार, तंबाखू, दारू, एकटेपणा ही त्यांतली. गोव्यात मी हेल्मेट वेगळं काढून सांगीन, पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसणाऱ्यालाही. २०२५ मध्ये वेल्समधल्या अभ्यासात नागिणीची लस मिळालेल्या म्हाताऱ्यांत सात वर्षांत डिमेन्शिया सुमारे एक पंचमांशाने कमी दिसला. लसीबद्दल डॉक्टरांना विचारायला हरकत नाही.

सांभाळणाऱ्याकडे मात्र कोणी बघत नाही. २००८ मध्ये गोव्यातच ८१ कुटुंबांवर एक चाचणी झाली होती. थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी घरी जाऊन सल्ला दिला, ऐकून घेतलं, मदतीच्या योजना दाखवल्या. सांभाळणाऱ्यांचं मन हलकं झालं, विचित्र वागण्याचा त्रास कमी वाटू लागला. त्यासाठी महागडं काही लागलं नव्हतं. मन फारच खचलं तर टेलीमानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, ज्येष्ठांच्या अडचणींसाठी एल्डरलाइनचा १४५६७.

तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर दहाव्यांदा उत्तर द्या. 'आत्ताच सांगितलं ना' म्हणून उपयोग नाही, त्यांच्यासाठी ती पहिलीच वेळ असते. हातांची आठवण जास्त टिकते: बाबांना फळांची नावं येत नाहीत, पण सुंभाची (काथ्याच्या दोरीची) गाठ अजून माझ्याहून घट्ट बसते, म्हणून माटोळी बांधायचं काम त्यांचंच. खिशात नाव-पत्ता-फोनचं कार्ड ठेवा. दाराला घंटी लावा. आणि आजार लपवू नका, वाड्यावर सांगा. दुकानदाराला, पायलटला, देवळातल्या भटजींना. आमच्या पोदेराने त्यांना दोनदा पाटोपासून सायकल ढकलत घरी आणून सोडलं आहे, आणि दोन्ही वेळा बाबांनी त्याला पावाचे पैसे दिले.